फिर्यादीकडून सरकारकडे : फौजदारी न्यायातील एका स्थित्यंतराचा इतिहास

खून झालेल्या मुलाचा बाप सत्र न्यायालयाच्या दारात बसलेला असतो. पुकारा होतो तो 'महाराष्ट्र शासन विरुद्ध अमुक' असा. फिर्याद त्याने दिलेली असते. पोलिसांच्या कागदात 'फिर्यादी' म्हणून त्याचेच नाव असते. पण खटल्यात तो पक्षकार नसतो. खटला सरकारी वकील चालवतात. त्याला एक दिवस साक्षीसाठी बोलावले जाते, उलटतपासणी होते आणि त्याचे काम संपते. आरोपीला माफ करावे की करू नये, शिक्षा कोणती मागावी, खटला पुढे न्यावा की मागे घ्यावा, यांपैकी कशाचाही निर्णय त्याच्या हाती नसतो. अशा वेळी बहुतेकांच्या मनात एक प्रश्न येतो. घर आपले बुडाले, मग वादी सरकार कसे?

पाठ्यपुस्तकातील उत्तर ठरलेले आहे. दिवाणी दाव्यात एका व्यक्तीचे दुसऱ्या व्यक्तीकडे देणे असते. फौजदारी गुन्हा मात्र सबंध समाजाविरुद्ध असतो, म्हणून समाजाच्या वतीने राज्य खटला चालवते. उत्तर बरोबर आहे, पण अपुरे आहे. ते ऐकून विद्यार्थ्याला वाटते की ही व्यवस्था पहिल्यापासून अशीच होती. वस्तुस्थिती तशी नाही. भारतात खुनाचा गुन्हा वारसांच्या हातातून राज्याच्या हाती गेला, त्याला एक निश्चित काळ आहे. या बदलात काही मिळाले आणि काही हरवलेही. प्रस्तुत लेखात त्या स्थित्यंतराचा मागोवा घेऊन फौजदारी कायद्यातील काही मूलभूत संकल्पना स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

शब्दांची साक्ष

मराठी न्यायालयीन परिभाषेत फारसी-अरबी शब्दांचा भरणा किती आहे, हे सर्वांना ठाऊक आहे. शिवाजी महाराजांच्या काळात राज्यव्यवहारकोश तयार करून फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द सुचवले गेले. तरीही कचेरीतील अनेक जुने शब्द टिकून राहिले. त्यांचे मूळ अर्थ पाहिले तर जुन्या न्यायव्यवस्थेचे चित्र डोळ्यांपुढे येते.

'फिर्याद' म्हणजे फारसी 'फरयाद', मदतीसाठी फोडलेला टाहो. अन्याय झालेल्याने सत्तेच्या दारात जाऊन घातलेली हाक हा त्याचा मूळ भाव आहे. 'फौजदार' हा मोगल काळात एका टापूचा लष्करी अधिकारी होता. बंडखोरी मोडणे, वाटमारी रोखणे, शांतता राखणे ही त्याची कामे. त्याच्याकडे जाणारे प्रकरण ते 'फौजदारी' आणि महसूल खात्याच्या दिवाणाकडे जाणारे ते 'दिवाणी'. आज महाराष्ट्रात पोलीस उपनिरीक्षकाला लोक फौजदार म्हणतात, त्यामागे हा इतिहास आहे.

'खून' या शब्दाचा मूळ अर्थ रक्त. उर्दूत तो अर्थ कायम आहे आणि हत्येसाठी कायद्याचा शब्द 'कत्ल' हा आहे. मराठीत मात्र रक्त हा अर्थ मागे पडून 'खून' म्हणजे हत्या असे रूढ झाले. 'जामीन' म्हणजे अरबीत हमी घेणारा माणूस. उर्दूत हमी घेणारा तो 'जामिन' आणि हमी ती 'जमानत' असा फरक राखला जातो. मराठीने माणूस आणि सुटका दोन्हींना एकच शब्द वापरला. 'जातमुचलका' या शब्दात तर अरबी 'जात' आणि तुर्की 'मुचलका' एकत्र आले आहेत. दुसरा कोणी हमीदार न देता आरोपीने स्वतःच लिहून दिलेला बंधपत्राचा कागद, असा त्याचा अर्थ.

सर्वांत बोलका शब्द 'राजीनामा' हा आहे. मराठीत आज राजीनामा म्हणजे पद सोडल्याचे पत्र. पण पेशवेकालीन न्यायव्यवहारात पंचायतीचा निवाडा मान्य करू, असे दोन्ही पक्ष जे लिहून देत, तो राजीनामा. उर्दूत आजही 'राजीनामा' म्हणजे वादी-प्रतिवादींनी राजीखुशीने केलेली तडजोड. एका काळी न्यायाच्या केंद्रस्थानी दोन पक्षांची संमती होती, याची खूण या शब्दाने जपून ठेवली आहे.

एक उपयुक्त भेद येथेच नोंदवावा. उर्दूत 'मुलजिम' म्हणजे ज्याच्यावर आरोप आहे तो आणि 'मुजरिम' म्हणजे ज्याचा गुन्हा शाबीत झाला तो. मराठीत हाच फरक 'आरोपी' आणि 'गुन्हेगार' या शब्दांत आहे. निकाल लागेपर्यंत आरोपीला निर्दोष मानायचे, हे फौजदारी न्यायाचे पहिले सूत्र या दोन शब्दांच्या जोडीत सामावले आहे. दैनंदिन बोलण्यात आणि पुष्कळदा छापील मजकुरातही ते विसरले जाते.

अल्लाहचा हक्क आणि बंद्याचा हक्क

अठराव्या शतकात बंगालपासून दख्खनपर्यंतच्या मुस्लिम सत्तांखालील न्यायालयांत फौजदारी बाबींना हनफी फिक्हचा आधार होता. बाराव्या शतकातील बुर्हानुद्दीन मर्गिनानी यांचा 'हिदाया' आणि औरंगजेबाच्या कारकिर्दीत संकलित झालेला 'फतावा-ए-आलमगिरी' हे त्यातील प्रमाणग्रंथ. 'हिदाया'चे इंग्रजी भाषांतर वॉरन हेस्टिंग्जच्या प्रेरणेने चार्ल्स हॅमिल्टनने केले आणि ते १७९१ मध्ये प्रसिद्ध झाले.

फिक्हमध्ये गुन्ह्यांचे तीन वर्ग केलेले दिसतात. पहिला 'हुदूद', म्हणजे ज्यांची शिक्षा ठरलेली आहे असे मोजके गुन्हे. दुसरा 'किसास' आणि 'दियत', म्हणजे खून व शारीरिक इजा यांबद्दल समान प्रतिशोध किंवा रक्ताचा मोबदला. तिसरा 'ताजीर', म्हणजे न्यायाधीशाच्या किंवा शासनकर्त्याच्या विवेकावर सोपवलेली शिक्षा. या वर्गीकरणामागे दोन संकल्पना आहेत. एक 'हक्कुल्लाह', अल्लाहचा हक्क, आणि दुसरी 'हक्कुल अब्द', बंद्याचा म्हणजे व्यक्तीचा हक्क. फकीहांनी हक्कुल्लाहचे स्पष्टीकरण असे केले आहे की, ज्याचा लाभ कोणा एकाला नव्हे तर सर्वांना पोहोचतो, तो हा हक्क. आजच्या भाषेत यालाच सार्वजनिक हित म्हणता येईल.

चोरीचे उदाहरण घेतल्यास हे स्पष्ट होते. प्रकरण काजीपुढे जाण्याआधी मालाचा मालक चोराला माफ करू शकत असे. काजीपुढे गेल्यानंतर त्याच्या माफीने हद टळत नसे. वाटमारी करताना झालेल्या हत्येतही मृताच्या वारसांची माफी विचारात घेतली जात नसे, कारण तो सर्वांच्या वाटेवरचा गुन्हा होता. म्हणजे गुन्हा समाजाविरुद्ध असतो ही कल्पना इंग्रजांनी आणली, हा समज बरोबर नाही. ती फिक्हमध्ये होती. फरक इतकाच की, सामान्य खून या वर्गात ठेवलेला नव्हता. त्यात व्यक्तीचा हक्क वरचढ मानला होता.

त्यामुळे खुनाच्या खटल्यात मृताचा 'वली', म्हणजे त्याचा वारस, हाच मुख्य पक्षकार असे. त्याच्यापुढे तीन मार्ग असत. किसास मागणे, मोबदला घेऊन तडजोड करणे किंवा काही न घेता माफ करणे. अनेक वारसांपैकी एकाने जरी माफ केले तरी किसास रद्द होई आणि उरलेल्यांना मोबदल्यातील वाटा मिळे. या व्यवस्थेमागे दया होती, तसेच सूड थांबवण्याचा व्यवहारही होता. कमावता माणूस गेलेल्या घराला उदरनिर्वाहाचे साधन मिळे आणि दोन घराण्यांतील वैर पुढच्या पिढीपर्यंत जात नसे. मात्र माफी म्हणजे राज्याने सर्वस्वी हात झटकणे, असे सर्व मझहबांनी मानले नव्हते. मालिकी मतानुसार वारसांनी माफ केलेल्या खुन्यालाही फटके आणि एक वर्षाची कैद होती.

हेतू आणि हत्यार

फौजदारी कायद्याचे दुसरे सूत्र असे की, केवळ कृती म्हणजे गुन्हा नव्हे, कृतीमागे दोषी मन असावे लागते. झाडावरून फांदी तोडताना खाली कोणी सापडून मेला आणि कोणी दबा धरून कुऱ्हाड घातली, या दोन घटनांत मृत्यू सारखाच असला तरी दोष सारखा नाही. हनफी ग्रंथांनी याचा सूक्ष्म विचार केला आहे. 'हिदाया'त हत्येचे पाच प्रकार सांगितले आहेत. जाणूनबुजून केलेली ती 'अमद', तिच्यासारखी भासणारी ती 'शिब्हे अमद', चुकीने झालेली ती 'खता', चुकीच्या जागी धरली जाणारी, उदाहरणार्थ झोपेत कुशीवर वळताना शेजारचे मूल दबून मरणे, आणि अप्रत्यक्ष कारणाने झालेली, उदाहरणार्थ दुसऱ्याच्या जागेत खणलेल्या खड्ड्यात कोणी पडून मरणे.

पण माणसाचे मन दिसत नाही, मग हेतू ओळखायचा कशावरून? इमाम अबू हनीफा यांनी बाह्य खुणेचा आधार घेतला. तलवारीसारखे रक्त काढणारे हत्यार वापरले असेल तर हेतू निश्चित मानावा. काठीने मारणे, गळा दाबणे, पाण्यात बुडवणे यांत शंकेला जागा राहते, म्हणून ती हत्या 'अमद' नव्हे आणि तिला किसास नाही. त्यांचेच शिष्य अबू यूसुफ आणि मुहंमद यांनी मात्र वेगळे मत दिले. ज्याने सामान्यतः माणूस मरतोच, असे कोणतेही साधन वापरले तरी हेतू सिद्ध होतो, असे त्यांचे म्हणणे. एकाच मझहबातील हा मतभेद हजार वर्षांनी कलकत्त्यात निर्णायक ठरणार होता.

१७९० : अधिकार कोणाच्या हाती?

१७७२ मध्ये वॉरन हेस्टिंग्जने बंगालमध्ये जिल्ह्याजिल्ह्यांत फौजदारी अदालती आणि त्यांच्यावर सदर निजामत अदालत स्थापन केली. काजी आणि मुफ्ती तेथे होते आणि कायदा हनफीच होता. १७७५ मध्ये निजामत अदालत मुर्शिदाबादला नेऊन नायब नाजिम मुहंमद रझा खान यांच्या देखरेखीखाली ठेवण्यात आली. या काळातील इंग्रज अधिकाऱ्यांच्या तक्रारी वाचताना एक गोष्ट लक्षात येते. आज इस्लामी फौजदारी कायद्यावर कठोरतेचा आक्षेप घेतला जातो. त्या वेळचा आक्षेप नेमका उलटा होता. हा कायदा फार सौम्य आहे, रक्त सांडायला कचरतो आणि त्यामुळे दरोडेखोर सुटतात, असे हेस्टिंग्जचे म्हणणे होते. त्याच काळात इंग्लंडमध्ये दोनशेहून अधिक गुन्ह्यांना फाशी होती आणि त्यांत किरकोळ चोऱ्याही होत्या, हे ध्यानात घेतले पाहिजे.

डिसेंबर १७९० मध्ये गव्हर्नर जनरल कॉर्नवॉलिसने निजामत अदालत कलकत्त्याला परत आणली, ती गव्हर्नर जनरल व कौन्सिलच्या हाती घेतली आणि दोन मूलगामी बदल केले. पहिला असा की, खुनात हत्यार कोणते वापरले यापेक्षा हेतू काय होता हे पाहावे. यासाठी त्याने इंग्रजी कायद्याचा नव्हे, तर अबू यूसुफ आणि मुहंमद यांच्या मताचा आधार घेतला. दुसरा बदल असा की, खुनाच्या खटल्यात वारसांची इच्छा विचारात घेऊ नये. वारस माफ करोत वा न करोत, अदालतीने शिक्षा द्यावी.

पहिला बदल फिक्हच्या चौकटीत बसणारा होता, दुसरा बसणारा नव्हता. पुढील वर्षांत याच दिशेने आणखी पावले पडली. अवयवच्छेदाची शिक्षा बंद होऊन तिच्या जागी कैद आली. साक्षीदाराचा धर्म कोणता यावरून त्याची साक्ष नाकारू नये, असे ठरले. किसासच्या खटल्यात मुस्लिम आरोपीविरुद्ध बिगरमुस्लिमाची साक्ष ग्राह्य न धरण्याचा जुना नियम यामुळे मोडला. कायद्यापुढील समानतेच्या दृष्टीने हा बदल आवश्यक होता, हे मान्य केले पाहिजे. १७९७ मध्ये दियतची रक्कम वसूल करण्याऐवजी कैद द्यावी आणि दंड सरकारजमा व्हावा, असे ठरले. १७९९ मध्ये खुनी हा मृताचा बाप किंवा आजा आहे अशा कारणाने मिळणारी सूटही काढली. १८३२ च्या नियमाने मुफ्तीच्या फतव्याशिवाय खटला चालवण्याची मोकळीक मिळाली. अशा रीतीने जुना कायदा नावाला राहिला, आतून मात्र बदलत गेला.

या बदलांत कॉर्नवॉलिसचा युक्तिवाद दुबळा नव्हता. श्रीमंत खुनी पैसा देऊन सुटतो. गरीब वारसावर माफीसाठी दडपण येते. ज्याला वारस नाहीत किंवा ज्याचे वारस खुन्याचेच नातेवाईक आहेत, त्याच्या रक्ताला वाली उरत नाही. हे दोष खरे होते. पण १७९७ च्या नियमाने आणखी एक गोष्ट घडली, तिच्याकडे इतिहासकारांचे लक्ष कमी गेले आहे. माफीचा अधिकार गेला, त्याबरोबर मोबदल्याचा अधिकारही गेला. दंड सरकारच्या खजिन्यात गेला आणि मृताच्या घराला केवळ निकाल ऐकायला मिळाला.

मराठी मुलखातील स्थिती

पेशवाईत खुनाकडे कसे पाहिले जाई? १८१८ मध्ये पेशवाई संपल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने जिंकलेल्या मुलखाविषयी जो अहवाल १८१९ मध्ये लिहिला, त्यात याची माहिती आहे. विशेष क्रौर्य नसेल तर खुनाला सहसा देहदंड नसे, दंडावर प्रकरण मिटे. वाटमारीला मात्र बहुधा मृत्युदंड असे, असे त्याने नोंदवले आहे. मराठी कागदपत्रांत 'गुन्हेगारी' हा शब्दच मुळी गुन्ह्याबद्दल वसूल केलेल्या दंडाच्या अर्थाने येतो.

ही मांडणी हनफी कायद्याच्या मांडणीशी किती जुळते, हे पाहण्यासारखे आहे. धर्मशास्त्र वेगळे, सत्ता वेगळी, पण दोन्हीकडे वाटमारी हा सर्वांविरुद्धचा गुन्हा आणि खून हा प्रामुख्याने दोन घराण्यांमधला मामला. म्हणून हा फरक केवळ हिंदू-मुस्लिम कायद्याचा नव्हता. गाव, जात आणि कुटुंब यांच्या आधारे चालणाऱ्या समाजाचा तो स्वभाव होता. खुद्द इंग्लंडमध्येही खटला राजाच्या नावाने चाले, तरी तो उभा करण्याचा खर्च आणि खटाटोप बहुधा फिर्यादीलाच करावा लागे. तेथे सरकारी अभियोगाचे संचालक हे पद १८७९ च्या कायद्याने निर्माण झाले.

मुंबई इलाख्याने बंगालची वाट धरली नाही. एल्फिन्स्टन गव्हर्नर असताना १८२७ चे कायदे झाले, त्यांतील चौदावा नियम हा स्वतंत्र फौजदारी कायदा होता. तो कोणत्याही एका धर्मशास्त्रावर आधारलेला नव्हता. त्यामुळे बंगाल आणि मद्रासमध्ये बदललेल्या स्वरूपात का होईना, हनफी फौजदारी कायदा १८६१ अखेरपर्यंत चालू होता, तर पुणे, सातारा, खानदेश या भागांत त्याआधीच नवा कायदा आला होता.

१८६० ची संहिता आणि भाषांचा प्रवास

मेकॉलेच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने १८३७ मध्ये दंडसंहितेचा मसुदा सादर केला. तो ६ ऑक्टोबर १८६० रोजी कायदा झाला आणि १ जानेवारी १८६२ पासून अमलात आला. त्याला जोडून १८६१ मध्ये फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पोलीस कायदा आला, १८७२ मध्ये पुरावा कायदा आला. गुन्हा कोणता हे सांगणारा कायदा, तो कसा हाताळायचा हे सांगणारा कायदा आणि तो कशावरून शाबीत धरायचा हे सांगणारा कायदा, ही तिहेरी रचना आजही कायम आहे.

जुन्या संकल्पना नव्या संहितेत निराळ्या वेषात भेटतात. सदोष मनुष्यवध, खून आणि १८७० मध्ये जोडलेले हयगयीने मृत्यू घडवण्याचे कलम, या पायऱ्या हेतूच्या तीव्रतेनुसार लावलेल्या आहेत. सात वर्षांखालील मुलाची कृती गुन्हा नाही, वेडाच्या भरात केलेली कृती गुन्हा नाही, हे अपवादही दोषी मनाच्या तत्त्वातूनच येतात. साक्षीदारांची ठरावीक संख्या हवी, हा नियम मात्र पुरावा कायद्याने सोडला. साक्षी किती यापेक्षा त्या किती विश्वसनीय, हे पाहिले जाऊ लागले. शंकेचा फायदा आरोपीला, या तत्त्वाशी फिक्हचा अभ्यासक अपरिचित नसतो. शंका असेल तेथे हद टाळावी, हा नियम सर्व प्रमुख मझहबांत मान्य आहे.

या संहितेचा उर्दू अनुवाद 'ताजिराते हिंद' या नावाने झाला आणि त्यात डेप्युटी नजीर अहमद यांचा मोठा वाटा होता. पुढे कादंबरीकार म्हणून गाजलेल्या या लेखकाने उर्दूला आधुनिक कायद्याची भाषा घडवण्यास मदत केली. नावही अर्थपूर्ण आहे. शासनाच्या विवेकावरची शिक्षा ती ताजीर. नव्या संहितेत सगळे गुन्हे एका अर्थाने ताजीरच झाले होते, किसास आणि दियत उरले नव्हते.

हैदराबाद संस्थानात १८८० च्या दशकात फारसीच्या जागी उर्दू ही राज्यकारभाराची भाषा झाली. तेथील दंडविधान 'ताजिराते आसफिया' म्हणून ओळखले जाई. मराठवाड्यातील मराठी पक्षकाराचा खटला ज्या न्यायव्यवस्थेत चाले, तिची भाषा १९४८ पर्यंत उर्दू होती. १९५१ मध्ये भारतीय दंडसंहिता हैदराबाद आणि मध्य भारत या राज्यांना लागू झाली. गोव्यात पोर्तुगीज सत्ता १९६१ मध्ये संपल्यानंतर ती तेथे आली. मराठी बोलणारे लोक अशा निरनिराळ्या कायद्यांखालून एका कायद्याखाली आले.

वलीचे पुनरागमन

दोन शतके फिर्यादी हा साक्षीदारच राहिला. किरकोळ मारहाण, बदनामी यांसारखे काही गुन्हे आपसात मिटवण्याची मुभा प्रक्रिया संहितेत होती आणि आहे. खून त्यात नाही. उच्च न्यायालये तडजोडीच्या आधारे काही खटले रद्द करू शकतात, पण खून, बलात्कार, दरोडा यांसारखे गंभीर गुन्हे त्या मार्गाने मिटवता येणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये स्पष्ट केले.

बदल झाला तो दुसऱ्या दिशेने. २००८ च्या दुरुस्तीने, जी ३१ डिसेंबर २००९ पासून अमलात आली, 'पीडित' या शब्दाची व्याख्या प्रथमच प्रक्रिया संहितेत आली. त्या व्याख्येत पीडिताचा पालक आणि कायदेशीर वारस यांचाही समावेश आहे. आरोपी सुटला तर अपील करण्याचा अधिकार पीडिताला मिळाला. सरकारी वकिलाला साहाय्य करण्यासाठी स्वतःचा वकील देण्याची सोय झाली. राज्यांनी पीडितांसाठी भरपाईची योजना करावी, असे बंधन आले. महाराष्ट्रात २०१३ मध्ये बलात्कार आणि ॲसिड हल्ल्यातील पीडितांसाठी 'मनोधैर्य' योजना सुरू झाली. तपासापासून अपिलापर्यंत प्रत्येक टप्प्यावर पीडिताला आपले म्हणणे मांडण्याचा अधिकार आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितले.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम हे तीन कायदे जुन्या तिघांच्या जागी आले. खुनाची शिक्षा जुन्या कलम ३०२ ऐवजी आता कलम १०३ मध्ये आहे. नव्या प्रक्रिया संहितेनुसार तपासाची प्रगती नव्वद दिवसांत पीडिताला कळवायची आहे आणि त्याचे म्हणणे ऐकल्याशिवाय खटला मागे घेण्यास न्यायालयाने परवानगी द्यायची नाही.

वारसाचा आवाज परत आला आहे, माफीचा अधिकार मात्र आलेला नाही. तो येऊ नये याचे कारण शेजारी देशाच्या अनुभवात दिसते. पाकिस्तानात १९९० मध्ये अध्यादेशाने किसास आणि दियतचा कायदा पुन्हा आणला गेला. त्यातून एक भीषण अडचण उभी राहिली. 'इज्जती'च्या नावाखाली भाऊ बहिणीला मारी आणि आईबाप वारस म्हणून त्याला माफ करीत. मारणारा आणि माफ करणारा एकाच घरातले. अखेर २०१६ मध्ये तेथील संसदेने दुरुस्ती केली आणि अशा खुनात वारसांनी माफ केले तरी जन्मठेप द्यावी, असे ठरवले. १७९९ च्या बंगालमध्ये ज्या प्रश्नाला उत्तर शोधले गेले, तोच प्रश्न दोन शतकांनी एका मुस्लिम देशाच्या विधिमंडळापुढे आला आणि त्यानेही माफीवर मर्यादा घातली. ताजीरची संकल्पना हाताशी असल्यामुळे ती मर्यादा घालणे शक्य झाले.

समारोप

या इतिहासातून दोन टोकाच्या मतांना उत्तर मिळते. जुना कायदा रानटी होता आणि इंग्रजांनी न्याय आणला, हे एक टोक. जुन्या कायद्यात सर्व काही होते आणि परक्यांनी ते बिघडवले, हे दुसरे. जुन्या कायद्यात हेतूचे बारीक विश्लेषण होते, शंकेचा फायदा होता, सार्वजनिक हक्काची कल्पना होती आणि मृताच्या घराची काळजी होती. पण त्यात धर्मावरून साक्षीचे मोल ठरे आणि दुबळ्या वारसाला संरक्षण नव्हते. नव्या कायद्याने खून सर्वांचा प्रश्न केला, साक्षीतील भेद काढला, पण पीडिताला कोपऱ्यात उभे केले आणि त्याची भरपाई खजिन्यात जमा केली. ती चूक सुधारायला २००८ पर्यंत वाट पाहावी लागली.

न्यायालयाच्या दारात बसलेल्या त्या बापाला आज काय सांगता येईल? खटला सरकारचा का, याचे कारण सांगता येईल. उद्या आरोपीच्या माणसांनी घरी येऊन पैसे पुढे केले किंवा धमकावले, तर माफी देणे त्याच्या हाती नाही आणि याच कारणाने त्याच्यावर दडपण आणण्यात फारसा अर्थ उरत नाही. त्याचबरोबर तपास कोठवर आला हे विचारण्याचा, स्वतःचा वकील देण्याचा, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे भरपाईचा अर्ज करण्याचा आणि आरोपी सुटल्यास अपील करण्याचा त्याला हक्क आहे, हेही सांगता येईल. यांतील बहुतेक हक्क त्याच्यासारख्या फिर्यादींना माहीत नसतात. ते त्यांना समजेल अशा भाषेत पोहोचवणे हे काम महाविद्यालयाच्या वर्गातून सुरू होऊ शकते.